दारूत तेल नाही, मग लिव्हरमध्ये चरबी कुठून येते?

आलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, उंची साडेपाच फूट, वजन ७० किलो, काम बैठे. आठवड्यातले पाच दिवस रात्री जेवणाआधी १२० मिली व्हिस्की, शनिवारी मित्रांबरोबर क्वार्टर, सोमवारी उपवास म्हणून काही नाही. कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफीवर ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ आले. रक्तात लिव्हरची एन्झाइम एसजीओटी ७८, एसजीपीटी ५२, जीजीटी १४६, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड ३१०, प्लेटलेट २ लाख १० हजार. तेव्हापासून घरात तूप आणि तळण बंद आहे, सकाळचे पळणे सुरू झाले आहे, दारू मात्र तेवढीच आहे. विचारणे असे, की दारूत फॅट शून्य असते, मग डॉक्टर तेल सोडून दारूच्याच मागे का लागतात? बिअर किंवा वाइनवर आलो तर चालेल का? आणि बंदच करायची झाली तर किती दिवस?

दारूत फॅट नसते हे अगदी बरोबर. आणि लिव्हरमध्ये साठलेली चरबी बहुतांशी दारूपासून तयार झालेलीही नसते. ती तुमच्या जेवणातून, चकण्यातून आणि तुमच्याच अंगावरच्या साठ्यातून आलेली असते. एरवी लिव्हरने ती जाळली असती किंवा पुढे पाठवली असती. दारू पोटात गेली की जाळण्याचे काम लगेच अडते, आणि वर्षानुवर्षे पीत राहिले की पुढे पाठवण्याचेही. म्हणून तूप बंद आणि दारू चालू, या मार्गाने फारसे काही हाती लागत नाही.

१९९९ साली निरोगी पुरुषांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना २४ ग्रॅम अल्कोहोल दिले, म्हणजे आपल्याकडच्या सव्वादोन-अडीच छोट्या पेगांएवढे. त्यातल्या पाच टक्क्यांहूनही कमी अल्कोहोलची चरबी झाली. पण पुढचे काही तास त्यांच्या शरीराचे चरबी जाळणे जवळजवळ तीन चतुर्थांशाने घसरले. माझ्या मते या विषयातला सगळ्यात उपयोगी आकडा हाच आहे, कारण नुकसान कुठे होते ते तो नेमके दाखवतो.

असे का होते, ते पाहू. साखर साठवायला शरीराकडे ग्लायकोजन आहे, चरबी साठवायला पोट आणि मांड्या आहेत. अल्कोहोल साठवायला कुठेच जागा नाही. ते विषारी आहे आणि ते मोडायचे काम जवळजवळ सगळे लिव्हरवर पडते, त्यामुळे लिव्हर बाकीचे इंधन बाजूला ठेवून आधी ते हातात घेते. पहिल्या पायरीवर अल्कोहोल डीहायड्रोजिनेज हे एन्झाइम अल्कोहोलचे ॲसिटाल्डिहाइड करते. हा पदार्थ अल्कोहोलपेक्षाही घातक. दुसऱ्या पायरीवर, मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या इंधन जाळणाऱ्या भागात, त्याचे ॲसिटेट होते. ॲसिटेट फारसे त्रासदायक नाही. त्यातले बरेचसे रक्तातून बाहेर जाते आणि स्नायू, हृदय, मेंदू ते इंधन म्हणून वापरतात.

अडचण या दोन पायऱ्यांच्या मधे आहे. दोन्ही ठिकाणी अल्कोहोलमधून हायड्रोजन सुटतो आणि तो उचलायला एनएडी नावाचा रेणू लागतो. हायड्रोजन उचलला की एनएडीचा एनएडीएच होतो, आणि तो ओझे उतरवून मोकळा होईपर्यंत दुसरे काम करू शकत नाही. मार्केट यार्डात हमाल मोजकेच असावेत आणि एकाच ट्रकची पोती उतरवण्यात सगळे गुंतावेत, तसे होते. बाकीच्या गाड्यांचा माल जागच्या जागी राहतो. चरबी जाळायलाही हाच मोकळा एनएडी लागतो. फॅटी ॲसिडची लांब साखळी दोन-दोन कार्बनने तोडत जाण्याची जी क्रिया आहे, तिच्या एका पायरीला एनएडी हवाच. तो नाही म्हणजे साखळी तुटत नाही. त्यापुढचे क्रेब्ज सायकल, जे तुम्ही बारावीला पाठ केले असेल, तेही याच कारणाने मंदावते.

न जळलेल्या फॅटी ॲसिडचे मग काय होते? ती पेशीत सुटी राहिली तर पेशीलाच इजा करतात. म्हणून लिव्हर तीन-तीन फॅटी ॲसिड एका ग्लिसरॉलला जोडून त्यांचे ट्रायग्लिसराइड करते आणि थेंबांच्या रूपात साठवते. या जोडणीला लागणारा ग्लिसरॉल फॉस्फेटही एनएडीएच वाढल्यामुळेच जास्त तयार होतो. म्हणजे एकाच कारणाने जाळणे थांबते आणि साठवणीचा माल वाढतो. मायक्रोस्कोपखाली अशी पेशी पाहिली तर चरबीचा एकच मोठा थेंब सबंध पेशी व्यापून असतो आणि पेशीचे केंद्रक कडेला दाबले गेलेले दिसते.

या एनएडीएचच्या वाढीचे आणखी दोन परिणाम सांगून पुढे जातो, कारण ते घरोघरी दिसतात. पायरुव्हेटचे लॅक्टेट होते आणि लॅक्टेटमुळे किडनी युरिक ॲसिड नीट बाहेर टाकत नाही. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी पायाचा अंगठा सुजून लाल होणाऱ्यांना हे ठाऊक असते. दुसरे, लिव्हरला नवीन साखर बनवता येत नाही. डायबेटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा माणूस न जेवता प्यायला आणि तसाच झोपला, तर पहाटे त्याची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घरच्यांना वाटते उतरली नाही अजून, झोपू द्या. त्या झोपेत माणूस दगावू शकतो, म्हणून अशा वेळी ग्लुकोमीटरने साखर बघाच.

आता तुमच्या रात्रीचा हिशोब करू. भारतातल्या व्हिस्की-रमच्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. त्या हिशोबाने ३० मिलीमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल. तुमचे १२० मिली म्हणजे ४० ग्रॅम, शनिवारची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम. साधारण माणसाचे लिव्हर तासाला ७ ते १० ग्रॅम मोडते. नऊ वाजता सुरू केले तर तुमचे लिव्हर पहाटे दोन-तीनपर्यंत तेच काम करत असते, आणि शनिवारी रविवारचा सूर्य उगवेपर्यंत. एरवी रात्रीची वेळ ही लिव्हरची चरबी जाळण्याची वेळ. जेवण पचून गेलेले असते, इन्सुलिन खाली आलेले असते, अंगावरच्या साठ्यातून फॅटी ॲसिड सुटून लिव्हरकडे येतात आणि ती जाळून शरीर सकाळपर्यंत चालते. नेमके हेच तास तुम्ही आठवड्यातून सहा रात्री दारूला देता. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णाला मी कॅलरीचे तक्ते देण्याआधी हे तास मोजायला सांगतो.

घरचा पेग एकदा मोजूनही पाहा. औषधाच्या बाटलीबरोबर येणारे मापाचे झाकण घ्या आणि रोज ग्लासात ओतता तेवढे ओतून त्याने मोजा. ‘दोन पेग’ म्हणणाऱ्यांचे दोन पेग बऱ्याचदा दीडशे मिलीच्या पुढे जातात.

हे झाले एका रात्रीचे. रोजच्या पिण्याने यापुढचे बदल होतात आणि ते पेशीच्या आतल्या नियंत्रणातले असतात. चरबी जाळणारी एन्झाइम तयार करण्याचा आदेश देणारे पीपीएआर-अल्फा नावाचे प्रथिन आहे, ते दबते. साखरेपासून नवी चरबी बनवण्याचा आदेश देणारे एसआरईबीपी-१सी वाढते. जाळणे आणि बनवणे यांतला तोल राखणारे एएमपीके मंदावते. त्यात अंगावरच्या चरबीच्या पेशीही बिघडतात आणि गरज नसताना फॅटी ॲसिड सोडू लागतात. म्हणजे लिव्हरकडे येणारी चरबी वाढली, लिव्हरमध्ये बनणारी चरबी वाढली आणि जळणारी कमी झाली. हा बदल एका कोरड्या सोमवारने पुसला जात नाही. उपवास सोडा असे मी म्हणत नाही. पण साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी म्हणजे स्टार्चच, आणि नवी चरबी बनवायला लिव्हरला तेच हवे असते.

बाहेर पाठवण्याचे काय? लिव्हर चरबीला प्रथिनाचे वेष्टन घालून व्हीएलडीएलच्या रूपात रक्तात सोडते. सुरुवातीच्या काळात दारूमुळे हे सोडणे उलट वाढते आणि रक्तातले ट्रायग्लिसराइड चढते. तुमचे ३१० त्यातूनच आले आहे. काहींचे हजाराच्या पुढे जाते. लॅबमध्ये त्यांचे रक्त फिरवून वेगळे केले की वरचा द्रव एरवीसारखा पिवळसर, पारदर्शक न दिसता दुधासारखा पांढरा दिसतो. अशी टेस्ट ट्यूब मी रुग्णाला मुद्दाम दाखवतो, कारण त्या पातळीला स्वादुपिंडाला जीवघेणी सूज येऊ शकते. पण बाहेर जाणारा माल वाढला तरी साठणारा त्याहून जास्त असतो. पुढे पुढे ॲसिटाल्डिहाइड पेशीतल्या वाहतुकीच्या नलिकांच्या प्रथिनांना चिकटते, वेष्टन घालणारे प्रथिनही कमी पडते आणि व्हीएलडीएल बाहेर सोडणेच मंदावते. इथे एक इशारा देऊन ठेवतो. वर्षानुवर्षे पिणाऱ्याचे ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल काही न करता एकाएकी छान खाली आले, तर आनंद मानू नका. लिव्हर थकल्याची ती खूण असू शकते.

“चांगले खाऊन पिणाऱ्याला दारू बाधत नाही, मटण-अंडी चालू ठेव” हा सल्ला गावोगावी ऐकू येतो. त्यामागे एकेकाळी वैद्यकशास्त्रही उभे होते. इन्सुलिनच्या शोधातले चार्ल्स बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली लिहिले होते, की दारूचा लिव्हरच्या पेशीवर साखरेपेक्षा वेगळा असा खास विषारी परिणाम होतो याला पुरावा नाही. दारुडे नीट जेवत नाहीत, म्हणून त्यांचे लिव्हर खराब होते, असा तेव्हाचा समज. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स लीबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात तो खोडून काढला. त्यांनी स्वयंसेवकांना प्रथिनांनी भरपूर, चरबीने कमी असा आहार आणि वर जीवनसत्त्वे दिली आणि त्याबरोबर अल्कोहोल दिले. तरीही थोड्याच दिवसांत त्यांच्या लिव्हरच्या तुकड्यांत चरबी दिसू लागली. मटणाने दारू उतरत नाही. पोटात अन्न असले तर ती रक्तात सावकाश चढते, एवढाच फरक. ग्रॅम तेवढेच राहतात आणि ते मोडायला लागणारे कामही तेवढेच.

लीबर यांनीच आणखी एक गोष्ट उजेडात आणली. रोज पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये अल्कोहोल मोडणारी दुसरी व्यवस्था वाढते. तिच्यातले मुख्य एन्झाइम म्हणजे सायटोक्रोम २ई१. “मला आता चार पेगही चढत नाहीत, लिव्हर दणकट आहे” असे जे अभिमानाने सांगितले जाते, त्यात मेंदूला झालेल्या सवयीचा वाटा मोठा आहे, पण या वाढलेल्या एन्झाइमचाही आहे. ते काम करताना ऑक्सिजनचे अतिशय आक्रमक रेणू सोडते. पेशीत साठलेल्या चरबीवर ते हल्ला करतात, चरबी खवट होते, पेशी सुजते, मरते आणि तिच्या जागी व्रणाचा धागा तयार होतो. जिथे हे एन्झाइम जास्त आणि ऑक्सिजन कमी, त्या मधल्या शिरेजवळच्या पेशी सगळ्यात आधी बिघडतात. नुसत्या चरबीपासून हिपॅटायटिसकडे, म्हणजे लिव्हरच्या सुजेकडे, जाण्याचा रस्ता हा आहे. तेव्हा न चढणे ही काळजीची गोष्ट समजा.

हेच एन्झाइम पॅरासिटामॉलचेही विष बनवते. रोज पिणाऱ्याने, त्यातही न जेवता, डोकेदुखीसाठी ही गोळी मनाने खात राहू नये. दिवसाला २ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या, ही मर्यादा मी अशा रुग्णांना घालून देतो.

आता तुमचा रिपोर्ट. सोनोग्राफी करणारा डॉक्टर लिव्हरचा रंग शेजारच्या उजव्या किडनीशी ताडून बघतो. लिव्हर किडनीपेक्षा जितके जास्त उजळ, तितकी ग्रेड वर. त्यातून चरबी किती हे ढोबळमानाने कळते, इजा किती हे कळत नाही. शिवाय २०-३० टक्के चरबी साठल्याशिवाय सोनोग्राफीला ती नीट दिसतही नाही. त्यामुळे ‘ग्रेड १ तर आहे, सगळ्यांनाच असते’ हे म्हणणे जितके चूक, तितकेच ‘ग्रेड ३ म्हणजे सिरोसिस’, म्हणजे लिव्हर व्रणांनी भरून कडक झाले, हेही चूक.

मला तुमच्या रिपोर्टमधली जास्त बोलकी वाटते ती एसजीओटी आणि एसजीपीटीची जोडी. वजनामुळे झालेल्या साध्या फॅटी लिव्हरमध्ये सुरुवातीला एसजीपीटी वर असते. तुमचे उलटे आहे, एसजीओटी दीडपट आहे. एसजीओटी मायटोकॉन्ड्रियातही असते आणि दारू मायटोकॉन्ड्रियालाच जखमी करते. एसजीपीटी बनायला बी-६ जीवनसत्त्व लागते आणि पिणाऱ्यांत ते कमी असते. त्यात जीजीटी १४६. ही तिन्ही एकत्र पाहिली की तूप डोळ्यासमोर येत नाही, दारू येते.

वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून फिब-४ नावाचा आकडा काढतात. तुमचा २.१ येतो. १.३ च्या खाली असता तर मी निश्चिंत झालो असतो. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात, म्हणून फायब्रोस्कॅन करून घ्या. त्यात चरबी आणि लिव्हरचा कडकपणा दोन्ही मोजतात आणि कडकपणा ८ किलोपास्कलच्या खाली असावा अशी अपेक्षा असते. पण ऐन पिण्याच्या दिवसांत केलेल्या स्कॅनमध्ये सुजेमुळे कडकपणा फुगून येतो. म्हणून पहिला आकडा वाईट आला तरी खचू नका. दारू थांबवल्यानंतरचा दुसरा आकडा मी खरा मानतो.

“पण मी लठ्ठ नाही” असे तुमच्या मनात असेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली माणसे सडपातळ दिसूनही आतून चरबी बाळगून असतात. तुमचा बीएमआय २५ च्या जवळ आहे, भारतीयांसाठी तो जास्तच. कमरेचा घेर तुम्ही लिहिलेला नाही, तो मोजा. ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर इन्सुलिनला शरीर दाद देत नसण्याची शक्यता मोठी. आणि तशा लिव्हरमध्ये दारूशिवायही चरबी साठतच असते. या दोन कारणांची बेरीज नव्हे, गुणाकार होतो. २०२३ मध्ये जगभरातल्या लिव्हर तज्ज्ञांनी फॅटी लिव्हरची नावे बदलली, तेव्हा या मिश्र प्रकाराला ‘मेटएएलडी’ अशी वेगळी जागा दिली. त्यात बसणारे अल्कोहोलचे प्रमाण पुरुषांसाठी आठवड्याला २१० ते ४२० ग्रॅम, स्त्रियांसाठी १४० ते ३५० ग्रॅम. तुमचे पाच दिवसांचे २०० आणि शनिवारचे ६० मिळून २६० होतात. आठवड्याला एक खंबा, म्हणजे ७५० मिलीची बाटली, आणि वर थोडी, असे ते प्रमाण आहे. स्त्रियांचा आकडा खाली आहे, कारण त्यांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असते आणि तेवढ्याच दारूने रक्तातली पातळी जास्त चढते.

बिअर आणि वाइनचे उत्तर एव्हाना तुम्हाला आले असेल. लिव्हरला बाटलीचा आकार कळत नाही, त्याला ग्रॅम कळतात. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, तुमच्या १२० मिली व्हिस्कीएवढीच. ५ टक्क्यांची सौम्य बिअर २५ ग्रॅमच्या आसपास. गोव्यात काजूच्या हंगामात उर्राक ही काजूची दारू हलकी म्हणून लिंबू-सोड्याबरोबर दुपारभर चालते, पण हलकी दारू मोठ्या ग्लासाने प्यायली की हिशोब तिथेच येतो. कोला मिसळून पिणारे वर साखरही देतात आणि त्यातल्या फ्रुक्टोजचा बराचसा भाग लिव्हरकडेच येतो.

पळणे चालू ठेवा, ते मनापासून सांगतो. व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम सुधारतो आणि लिव्हरची चरबी वजन न घटताही थोडी उतरते. फक्त रात्रीची दारू सकाळी पळून फिटते असे समजू नका. तुपाबाबत मी तुमच्या घरच्यांना एवढेच सांगेन, की जेवणातला चमचाभर तुपाचा मुद्दा गौण आहे. चकण्याचे फरसाण, तळलेले चिकन, रात्री अकराचा भात आणि वरचे गोड हे आधी काढा. डाळ, उसळ, अंडी, मासे, भाज्या असू द्या. बिनसाखरेची कॉफी आवडत असेल तर खुशाल प्या. कॉफी पिणाऱ्यांत सिरोसिस कमी आढळतो असे अनेक पाहण्यांत दिसले आहे.

किती दिवस बंद? चरबी उतरायला वेळ लागत नाही. पूर्ण बंद केल्यावर दोन ते सहा आठवड्यांत नुसती चरबी असलेले लिव्हर बहुतेक वेळा पूर्ववत होते. शरीरातल्या फार थोड्या आजारांत इतका झटपट आणि इतका पूर्ण फरक पडतो, म्हणूनच या टप्प्यावर आलेला रुग्ण पाहिला की मला बरे वाटते. रोज ६० ग्रॅमच्या वर पिणाऱ्या शंभरांतल्या सुमारे नव्वदांना फॅटी लिव्हर होते. वर्षानुवर्षे असेच पिणाऱ्या शंभरांपैकी १० ते २० जणांना सिरोसिस गाठतो. कोणाला गाठणार हे आधी ठामपणे सांगता येत नाही. पीएनपीएलए-३ जनुकाचा एक प्रकार धोका वाढवतो आणि तो आपल्याकडे दुर्मीळ नाही. सिरोसिसचा व्रण चरबीसारखा सहा आठवड्यांत विरघळत नाही.

मी तुम्हाला सलग तीन महिने पूर्ण बंद सांगेन. थोडी-थोडी कमी करू, फक्त शनिवार ठेवू, असे नको. पेशीतले बिघडलेले आदेश जागेवर यायला सलग कोरडे दिवस लागतात. तीन महिन्यांनंतर पुन्हा घेऊ का, हे तुम्ही विचाराल. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की दारूची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही. आणि तुमच्या लिव्हरमध्ये चरबीचे दुसरे कारण आधीच बसलेले आहे. माझा सल्ला नाही असाच आहे. फायब्रोस्कॅनमध्ये व्रण दिसला तर मग त्यावर चर्चाही नको.

पण आज रात्रीपासून एकदम बंद करण्याआधी एक गोष्ट स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. न घेतलेल्या सोमवारी सकाळपर्यंत हात थरथरतात का? घाम सुटतो, झोप लागत नाही, छाती धडधडते का? तसे होत असेल किंवा पूर्वी कधी दारू बंद केल्यावर फिट आली असेल, तर घरी एकट्याने बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट आणि त्यापुढच्या एक-दोन दिवसांत भ्रम होऊ शकतो आणि त्यात जीव जातो. दवाखान्यात काही दिवस औषधांखाली हे सुरक्षितपणे होते. बी-१ जीवनसत्त्व ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी दिले जाईल ना, हे नातेवाइकांनी आवर्जून विचारावे. दारूची ओढच आवरत नसेल तर तीही उपचाराचीच बाब आहे, त्यासाठी औषधे आहेत. पण कोणते औषध, हे लिव्हरची अवस्था बघून डॉक्टरला ठरवू द्या, कारण त्यांतली काही लिव्हरवरच ताण आणतात. सोबत समुपदेशन हवे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या मराठीतून चालणाऱ्या सभा अनेक गावांत होतात. तिथे जाण्यात कमीपणा कसला?

लिव्हर टॉनिकवर पैसे घालू नका. दारू चालू असताना चरबी उतरवणारी कोणतीही गोळी किंवा सिरप आज नाही. काढ्यांबाबतही सावध राहा. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा रोज घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आधीच सुजलेल्या लिव्हरला असा प्रयोग परवडत नाही.

सहा आठवड्यांनी एसजीओटी, एसजीपीटी, जीजीटी आणि ट्रायग्लिसराइड पुन्हा करा. एसजीओटी सगळ्यात आधी खाली येईल, ट्रायग्लिसराइडही पटकन उतरेल. जीजीटी सावकाश उतरते, दोन-तीन आठवड्यांत साधारण निम्मे होते, त्यामुळे ते सहाव्या आठवड्यालाही थोडे वर दिसले तर घाबरू नका. तीन महिन्यांनी सोनोग्राफी आणि फायब्रोस्कॅन. या पहिल्या खेपेलाच हिपॅटायटिस बी आणि सी, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि थायरॉइड यांच्या तपासण्याही करून ठेवा. दारू पूर्ण बंद असूनही तीन महिन्यांनी एसजीपीटी वरच राहिले, तर दुसरे कारण शोधायला हे रिपोर्ट लागतील. आणि मधल्या काळात कधीही डोळे पिवळे झाले, पोट फुगले, काळी शी झाली किंवा बोलण्यात गोंधळ वाटला, तर या तारखांची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.